मला कुणीच शिकवलं नाही

जयसिंग बिडवे यांचं भाषण ऐकलं नाही असा ट्रेनी चाकणजवळच्या निघोज्याच्या त्या प्रेस शॉपमध्ये औषधालाही सापडला नसता. दर वर्षी आयटीआयची नवी पोरं आली की एचआरवाले त्यांना कँटीनच्या मागच्या हॉलमध्ये बसवायचे, हातात चहा-बिस्किटं द्यायचे आणि म्हणायचे, "आता आपले सीनियर डाय फिटर बिडवे सर दोन शब्द बोलतील." दोन शब्द कसले, पाऊण तास! पण उगाच कशाला खोटं बोला, माणूस बोलायचा झकास. केज तालुक्यातून शहाण्णव साली एका पिशवीत दोन कपडे घेऊन कसा आलो, भोसरीच्या पत्र्याच्या खोलीत नऊ जण कसे राहायचो, शिफ्टप्रमाणे एकच अंथरूण तिघांना कसं पुरवायचो, पीएमटीला पैसे नसले की नाशिक रस्त्यानं कसा चालत यायचो, सगळं तपशिलात. मग जरा थांबायचं, रुमालानं चष्मा पुसायचा आणि शेवटचं वाक्य टाकायचं.

"मला कुणीच शिकवलं नाही, पोरांनो. मला संकटानं शिकवलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही."

टाळ्या! एचआरची बाई तर दर वर्षी तीच गोष्ट ऐकून दर वर्षी नव्यानं डोळे टिपायची.

आता यातलं बहुतेक सगळं खरं होतं बरं का. केज खरं, पत्र्याची खोली खरी, पायपीट तर शंभर टक्के खरी. खोटं होतं ते एकच वाक्य, आणि नेमकं त्याच वाक्याला टाळ्या पडायच्या.

जयसिंगला शिकवलं होतं. हाताला धरून, कान पिळून, दुपारच्या सुट्टीत स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी देऊन शिकवलं होतं. शिकवणाऱ्याचं नाव धोंडीबा ओव्हाळ. तेव्हा कंपनी भोसरीत होती, शेडभर मशिनी आणि एक पंखा. धोंडीबा तिथला जुना डाय फिटर. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा लोखंडी साचा. खालचा अर्धा भाग प्रेसच्या टेबलावर, वरचा वर, आणि मधे पत्रा घालून शेकडो टनांचा दाब. केस जाईल एवढी फट राहिली तरी माल भंगारात. जयसिंग तेव्हा झाडू मारायला होता. धोंडीबानं त्याच्या हातातला झाडू काढून घेतला आणि कानस दिली. "हात चांगला हाय तुझा," म्हणाला, "झाडण्यात कशाला घालवतो?"

म्हाताऱ्याची एक रीत होती. तेव्हा काही म्हातारा नव्हता तो, पण पोरं म्हणायची. कामाला लागण्याआधी तो आपली सगळी हत्यारं एका तांबड्या फडक्यावर ओळीनं मांडायचा आणि मोजायचा. काम झालं की पुन्हा मोजायचा. नुसती आपलीच नाही, डायजवळ ज्याचा ज्याचा हात लागला त्याची. साहेबाचा पेन असला तरी विचारायचा, "खिशात हाय का बघा." आकडा जुळल्याशिवाय प्रेसचं बटण दाबायचं नाही म्हणजे नाही. कारण आत एखादा पाना राहिला आणि वरून दाब आला, की पाच लाखांची डाय आणि समोरच्याचा डोळा, दोन्ही एकदम जायचे.

आणि एका सकाळी जयसिंगचाच पाना राहिला. दहा नंबरचा. मोजायचा कंटाळा केला, दुसरं काय! डाय तडकली. साहेब धावत आले. जयसिंग टेंपररी, सहा महिन्यांनी ब्रेक, नशीब असलं तर पुन्हा बोलावणं. तो दोषी निघाला असता तर संध्याकाळच्या आत गेटबाहेर. त्याचं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात धोंडीबानं त्याच्या पायावर पाय दिला, हळूच म्हणाला, "गप उभा राहा," आणि साहेबाला मोठ्यानं सांगितलं, "पाना माझा हाय."

जयसिंग गप उभा राहिला.

धोंडीबाला मेमो मिळाला. त्याच वर्षी तो चार्जहँड, म्हणजे शेडचा मुकादम, होणार होता, ती जागा दुसऱ्याला गेली आणि पुन्हा कधी आली नाही. जयसिंग पुढच्या वर्षी पर्मनंट झाला. धोंडीबानं या गोष्टीचा एका अक्षरानं कधी उल्लेख केला नाही. जयसिंगचं लग्न झाल्यावर एवढंच म्हणत राहिला, "सूनबाईला घेऊन घरी ये की रं जेवायला." जयसिंग म्हणायचा, "येतो की." आणि गेला नाही. का गेला नाही? कामं होती म्हणे. कामं! खरी कारणं दोन होती आणि दोन्ही सांगायला लाज वाटावी अशी. एक तो मेमो. आणि दुसरं, गावाकडचे पाहुणे विचारायचे, तिकडं जेवतोस कुणाकडं, कुणाच्या डब्यातलं खातोस? तेव्हा ओव्हाळांचं नाव घ्यायला त्याची जीभ अडखळायची. वर्षभर ज्याची भाकरी खाल्ली त्याचं नाव सांगायला अडखळायची. त्यापेक्षा "माझं मी बघतो, कुणी नाही आपल्याला" म्हणणं सोपं गेलं. तेच म्हणता म्हणता त्याचं भाषण झालं. धोंडीबा निवृत्त झाला, कंपनी निघोज्याला आली, आणि भाषण दर वर्षी थोडं थोडं चांगलं होत गेलं.

बरं, नुसतं भाषणावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. जयसिंगनं त्याची पद्धत केली. ट्रेनीला काही सांगायचंच नाही. चुकू द्यायचं. चुकला की त्याचा तुकडा सगळ्यांदेखत भंगाराच्या पेटीत आपटायचा आणि म्हणायचं, "आम्हाला कोण सांगत होतं?" पोरं रडकुंडीला यायची, काही सोडून जायची. जी टिकायची त्यांच्याकडं बोट दाखवून जयसिंग म्हणायचा, "बघा, घडलं ना!" गेलेल्यांचा हिशोब कोण ठेवतो?

या वर्षीच्या यादीत अकरावं नाव होतं, मिनल बुद्धभूषण ओव्हाळ. टूल अँड डाय मेकिंग, राहणार पिंपरी. जयसिंगनं ते नाव वाचलं आणि यादी पालथी ठेवली. धोंडीबाच्या पोराचं नाव बुद्धभूषण, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्या पोराच्या सायकलीवर मागं बसून तो पिंपरीच्या बाजारात फिरला होता. म्हणजे ही नात. विचारावं, "बाळ, आजोबा कसे आहेत?" चार शब्द. नाही विचारले. त्या दिवशी भाषण मात्र केलं, पहिल्या रांगेत ती बसलेली असताना केलं, आणि शेवटचं वाक्यही गाळलं नाही. गाळलं असतं तर एचआरच्या बाईला चुकल्यासारखं वाटलं असतं ना! मिनलनं इतरांसारख्या टाळ्या वाजवल्या. फक्त ती त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिली, तेव्हा जयसिंगनं चष्मा पुसायला घेतला.

पोरगी कामाला वाघीण. बोलणं कमी, हात स्थिर. आणि कामाआधी तांबडं फडकं अंथरून हत्यारं मोजायची. बाकीची पोरं हसायची, "काय गं, भाजीचं दुकान मांडलंस?" ती हसून सोडून द्यायची. जयसिंगला ते फडकं बघवायचं नाही. म्हणून तो तिच्यावर इतरांपेक्षा जास्त ओरडायचा. वर स्वतःची समजूत घालायचा, की सोसू दे, घडेल. माणूस स्वतःला किती गोड थापा मारतो बघा.

आणि मग तो मंगळवार आला.

एका मोठ्या डायचा बोल्ट बदलायचा होता. काम मिनलकडं होतं. वरून घाई, गिऱ्हाइकाच्या कंपनीतून दर दहा मिनिटांनी फोन. जयसिंगला धीर निघेना. "हो बाजूला," म्हणत तो स्वतः डायमध्ये वाकला, मागच्या अंगाचा एक बोल्ट आपल्या खिशातल्या आठ नंबरच्या ॲलन कीनं, त्या काटकोनात वाकलेल्या सहाकोनी किल्लीनं, आवळला, तेवढ्यात त्याचा फोन वाजला, आणि तो बोलत बोलत बाहेर आला. मिनलनं आपलं फडकं मोजलं. मग म्हणाली, "सर, तुमची हत्यारं मोजली का?"

आठ-दहा जण उभे होते. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आता तू मला शिकवणार?" जयसिंग म्हणाला. "अठ्ठावीस वर्षं झाली मला. मार स्ट्रोक."

"पण सर…"

"मार म्हटलं ना!"

तिनं दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली. वरचा भाग खाली आला आणि शेडमध्ये असा आवाज झाला की पलीकडच्या लाईनवरची माणसंही खाली बसली. वरचा पंच तुटला, खालची डाय उभी चिरली. एक तुकडा प्रेसपुढच्या जाळीवर आदळला. जाळी होती म्हणून बरं. इजा कुणाला झाली नाही, पण गिऱ्हाइकाची लाईन बंद पडली आणि सगळ्या कंपनीचं धाबं दणाणलं.

जयसिंगचा आवाज सगळ्यात आधी चढला. "काय ठेवलंस आत? डोळे फुटले होते का?" मिनल पांढरीफटक पडलेली. तरी ती फडक्याजवळ गेली, मोजलं आणि म्हणाली, "सर, माझी सगळी आहेत." "मग आभाळातनं पडलं का?" तो ओरडला. "आई-बापानं हेच शिकवलं का, चुकायचं आणि वर तोंड करायचं?" सगळ्या शॉपदेखत.

इथपर्यंत त्याला खरंच वाटत होतं की चूक तिची आहे. तेवढं त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. इथून पुढं त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं काही नाही.

बुधवारी सकाळी मॅनेजर प्रीतम सरांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पांढऱ्या कागदावर चेपलेली ॲलन की ठेवलेली. वाकडी झालेली, पण ओळखू येत होती. तिचं एक टोक आखूड होतं आणि त्याला निळसर झाक होती. कंपनीत आठ नंबरच्या पन्नास ॲलन की असतील, पण आखूड टोकाची एकच. त्या डायच्या मागच्या अंगाला साधी की फिरत नाही म्हणून जयसिंगनं दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं ती ग्राइंडरवर घासून आखूड केली होती, आणि तापून टोक निळं पडलं होतं. त्याचा हात आपोआप खिशाकडं गेला. खिसा रिकामा.

"बिडवे, कुणाची आहे ही?" प्रीतम सर म्हणाले.

वेळ होती. भरपूर वेळ होती. 'माझी' एवढंच म्हणायचं होतं, दोन अक्षरं. तो पर्मनंट, युनियनचा माणूस. फार तर मेमो आला असता, एखादी इन्क्रिमेंट गेली असती. नोकरीला धक्कासुद्धा लागला नसता. पण त्याला दिसले ते शॉपमधले लोक, त्याच्यावर हसणारे. भाषणवाले बिडवे सर, ज्यांना संकटानं शिकवलं, ते स्वतःची की डायमध्ये विसरतात आणि पोरीवर ओरडतात. आणि तो म्हणाला,

"काय सांगता येतं सर. ही पोरं कुणाचीही उचलतात."

बस, एवढंच. तिनं उचलली असं काही म्हणाला नाही तो. एकदम साळसूद वाक्य, कुठं बोट ठेवायला जागा नाही. प्रीतम सरांनी ते लिहून घेतलं, खाली बिडव्यांची सही घेतली, आणि मिनलला सांगितलं की तुझं ट्रेनिंग आजपासून बंद, कार्ड गेटवर जमा कर. मिनलनं टेबलावरच्या कीकडं बघितलं, मग जयसिंगच्या खिशाकडं बघितलं. तिला कळलं होतं. तिला कळलंय हे त्याला कळलं. तरी तो गप उभा राहिला.

संध्याकाळी चाकणच्या चौकात तासभर बस अडकली होती. एरवी तो ट्रॅफिकच्या नावानं शिव्या घालायचा. त्या दिवशी घर जितकं उशिरा येईल तितकं बरं, असं त्याला वाटत होतं.

गुरुवारी सुट्टी. मोशीच्या फ्लॅटमध्ये त्याची बायको कस्तुरा लसूण सोलत बसली होती. नवऱ्यानं रात्री जेवणाला हात लावला नव्हता, सकाळचा चहा तसाच गार झाला होता. "काय झालंय?" तिनं विचारलं. "कायी नाही." "कायी नाही तर असं बिन लाकडाच्या चुलीवानी का बसलाव?" असं चार वेळा झालं, आणि पाचव्या वेळी जयसिंग बोलायला लागला. आधी की सांगितली. मग मिनल सांगितली. मग तिचं आडनाव सांगावं लागलं, आणि आडनाव सांगितल्यावर धोंडीबा सांगावा लागला, पाना, मेमो, भाकरी, सगळंच.

कस्तुराच्या हातातला लसूण तसाच राहिला.

"म्हंजी तुमाला शिकवणारं कुणीतरी होतं?"

त्यानं मान हलवली.

"आन् मला जेवायला बोलावलं होतं त्यांनी? कवा?"

"लग्न झाल्यावर. लई वेळा."

"अवो, मला या शहरात कुणीच नव्हतं तवा!" कस्तुरा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "पयल्या बाळंतपणाला पाणी तापवून द्यायला कुणी नव्हतं. मी म्हनायची, आपलं कुणी का नाही हितं? तुमी म्हनायचे, नाही कुणी, आपुन दोघंच. मला बी तेच भाषण दिलंत व्हय?"

जयसिंगला आता लाज वाटली ती बायकोची. माणसाला परक्यासमोर लाज वाटते ती एक असते, ती अंघोळ केली की धुऊन जाते. ही तशी नव्हती.

कस्तुरानं लसूण बाजूला सारला, पीठ मळलं, धपाटी केली, डब्यात भरली आणि लुगड्यासारखं चापून-चोपून पातळ नेसून दारात उभी राहिली. "उठा," म्हणाली.

"कुठं?"

"जेवायला बोलावलंय ना? चला."

पिंपरीत रेल्वे लाईनीपलीकडं धोंडीबाचं घर होतं तिथंच होतं. पत्रे जाऊन स्लॅब आला होता, दाराला निळा रंग. कस्तुरा पुढं आणि तो मागं, पाहुणी ती असल्यासारखा. दार मिनलनंच उघडलं. त्याला बघून तिचा चेहरा आवळला गेला. मग तिनं मागं वळून घरात बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजोबांना काही माहीत नाही. दोन दिवस सुट्टी आहे असं सांगितलंय मी. त्यांना झटका येऊन गेलाय सर. त्यांच्यासमोर काही बोलू नका."

आत कॉटवर धोंडीबा बसला होता. डावा हात मांडीवर निर्जीव पडलेला, पण डोळे तेच. त्यानं जयसिंगला ओळखायला निमिषही घेतला नाही.

"आरं, जयसिंग! आला का रं बाबा!" उजवा हात त्यानं असा पुढं केला की जयसिंगला तो धरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "आन् ही सूनबाई? ये गं बाई, ये. लई वाट बघायला लावलीस."

कस्तुरानं वाकून नमस्कार केला आणि तिला रडूच फुटलं. म्हाताऱ्याला वाटलं आनंदानं रडतेय. "आगं, रडती कशाला? मिनल, चहा टाक. जयसिंग, बस. न्हाई, हितं माझ्याजवळ बस. ही रोज सांगती मला तुझं. बिडवे सरांनी आज हे दाखवलं, आज ते दाखवलं. मी म्हनलं, दाखवणारच! आपलाच हात हाय त्यो. माझ्या पोराला या लाईनीत गोडी न्हाई लागली, पर नातीला लागली, आन् ती पडली बी तुझ्याच हाताखाली. आता मला काय पायजे?"

जयसिंगनं मिनलकडं बघितलं. ती गॅसपाशी पाठ करून उभी होती. रोज सांगायची? काय सांगायची? त्यानं तर तिला एक बोल्ट कसा आवळायचा हेसुद्धा दाखवलं नव्हतं. शॉपमध्ये अपमान गिळून ही पोरगी घरी येऊन म्हाताऱ्याला खोटं सांगत होती, त्याचा जयसिंग चांगला आहे म्हणून. आणि काल कार्ड जमा करून आल्यावरही त्यालाच सांभाळून घेत होती. जमीन दुभंगावी आणि आत घ्यावं असं म्हणतात ना, त्याला खरंच तसं वाटलं. वीस-बावीस वर्षांची पोर! ती काही भाषण करत नव्हती.

"बोल की रं," धोंडीबा म्हणाला. "काय काय शिकवलंस माझ्या नातीला?"

गॅसपाशी मिनलची मान किंचित हलली. नको, अशी.

"काही नाही शिकवलं, मामा," जयसिंग म्हणाला. पूर्वी तो त्याला मामाच म्हणायचा. "काहीच नाही. वर तिला घालवलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. चष्मा पुसला नाही, मधे थांबला नाही, स्वतःकडं कमीपणा घेण्याचा मोठेपणाही केला नाही. ॲलन की माझी होती, तिनं मला विचारलं होतं, मी तिला गप्प केलं, केबिनमध्ये मी की ओळखली आणि ओळखून गप उभा राहिलो. भाषणाचंही सांगितलं. तुमचं नाव मी कधीच कुठं घेतलं नाही, हे सांगताना मात्र त्याचा आवाज फुटला.

चहा उतू गेला. कुणी गॅस बंद केला नाही, शेवटी कस्तुरानं उठून केला.

धोंडीबा रागावला असता तर बरं झालं असतं. एक थोबाडीत दिली असती तर जयसिंगनं ती सोनं म्हणून घेतली असती. पण म्हाताऱ्यानं उजव्या हातानं आपला निर्जीव हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"माझंच चुकलं," तो म्हणाला.

"मामा, तुमचं कसं…"

"आयक. उपास घडला, पायपीट झाली, ती काय तुझ्या एकट्याच्या नशिबी नव्हती. त्या शेडमधल्या समद्यांच्याच होती. तुझी अशी घटका एकच आली होती रं. साहेब समोर, पाना टेबलावर, आन् तुला म्हनायचं होतं, माझा हाय. नोकरी गेली असती. गेली असती तर गेली असती, हात होता तुझ्याकडं, दुसरीकडं मिळाली असती. पर ती घटका मी तुझ्या हातनं काढून घेतली. मला वाटलं दया करतोय." त्यानं उजव्या हातानं डोळे पुसले. "त्या दिवशी तू गप राहायला शिकलास. ते म्याच शिकवलं तुला."

इतकी वर्षं त्यानं संकटांची यादी मिरवली होती, आणि ज्यातून जायला हवं होतं नेमकं तेच त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. दुसऱ्यानं भोगलं होतं. तो कॉटशेजारी खाली फरशीवर बसला आणि आपण पन्नाशी उलटलेला माणूस आहोत, बायको बघतेय, पोरगी बघतेय, हे विसरून रडला.

कस्तुरानं डबा उघडला. म्हाताऱ्यानं अर्धं धपाटं खाल्लं, मिनलला कस्तुरासाठी बळंच आमटी-भात वाढायला लावला. जयसिंगला कुणी आग्रह केला नाही. त्यानं मागून घेऊन खाल्लं.

निघताना मिनल बोळापर्यंत आली. "मी उद्या सकाळीच प्रीतम सरांच्या केबिनमध्ये जातो," जयसिंग म्हणाला. "सगळं लिहून देतो. तुझं ट्रेनिंग चालू होईल."

"केबिनमध्ये नाही, सर," मिनल म्हणाली. "मला तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. माझ्या आई-बापाचं काढलंत, ते सगळ्यांसमोर काढलंत."

"बरं," जयसिंग म्हणाला.

"आणि मी परत येणार की नाही, ते मी ठरवीन. तुम्ही आधी बोला तरी."

शुक्रवारी सकाळी सातला प्रेस शॉपची रोजची मीटिंग होती. प्रेसच्या रांगेपुढं उभ्याउभ्या पाच मिनिटं. काल किती माल झाला, आज किती करायचा, हेल्मेट घाला, संपलं. साठ-सत्तर माणसं. या वर्षीचे दहा ट्रेनी एका कडेला. प्रीतम सर बोलून झाले तेव्हा जयसिंगनं हात वर केला. "सर, मला दोन मिनिटं बोलायचंय." ट्रेनी सावरून उभे राहिले. बिडवे सर बोलणार! एकानं तर मोबाइल काढला.

"मित्रांनो," जयसिंग म्हणाला, आणि त्याची त्यालाच किळस आली. सवयीनं आवाजात तोच हेल आला होता, तोच भाषणातला. आता आणखी एक छान गोष्ट सांगायची, चुकीतून कसं शिकलो त्याची, आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या. तो थांबला. त्यानं हात मागं बांधले, मग ते सोडले आणि समोर ठेवले.

"डायमध्ये राहिलेली ॲलन की माझी होती," तो म्हणाला. "मिनल ओव्हाळची काही चूक नव्हती. तिनं मला मोजायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. साहेबांसमोर मी की ओळखली आणि खोटं बोललो. आणि मला धोंडीबा ओव्हाळांनी शिकवलं. तिच्या आजोबांनी."

पण सत्तर माणसांच्या शेडमध्ये, पलीकडची लाईन चालू असताना, तो आवाज दुसऱ्या रांगेच्या पुढं पोहोचलाच नाही. पुढचे चार-पाच जण त्याच्याकडं बघत राहिले. प्रीतम सरांच्या हातातला कागद खाली आला. आणि मागून कुणीतरी, अगदी आदरानं, ओरडलं, "सर, ऐकू नाही आलं! जरा मोठ्यानं बोला!"

प्रीतम सरांनी हात करून पलीकडची लाईन थांबवायला सांगितली. एकेक मशीन बंद होत गेली. शेड इतकी शांत झाली की कुणाचा तरी खोकलाही ऐकू आला. आणि मग जयसिंगला ते सगळं पहिल्यापासून, मोठ्यानं, पुन्हा एकदा सांगावं लागलं.